चित्रातला पक्षी आणि चित्राबाहेरचा पारधी

चित्राला जात नसते, असे आपल्याकडचे कलासमीक्षक मोठ्या विश्वासाने सांगत आले आहेत. कवितेला जात नसते, असेही ते सांगत होते. त्या विधानाचे पुढे काय झाले हे या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. साहित्याची जितकी कठोर तपासणी दलित समीक्षेने केली तितकी चित्रांची अजून व्हायची आहे. देवादिकांच्या तसबिरी आपल्या घरांतून बाहेर गेल्या, कॅलेंडरावरच्या लक्ष्मी-सरस्वतीला प्रश्न विचारले गेले. परंतु ज्या चित्रात ना देव आहे ना माणूस, केवळ एक पक्षी आहे, थोडे गवत आहे आणि मागे आकाश आहे, ते चित्र निष्पाप ठरून सुटले. अशा चित्रालाही विचारण्यासारखे काही आहे काय? आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी येथे मांडणार आहे.

मला अभिप्रेत असलेली चित्रे एका विशिष्ट कारणासाठी निर्माण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोप-अमेरिकेतल्या बंदुका, काडतुसे आणि बंदुकीची दारू तयार करणाऱ्या कंपन्या आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी शिकारीच्या पक्ष्यांची रंगीत चित्रे छापू लागल्या. दिनदर्शिका, दुकानात टांगायचे पुठ्ठे, किमतीच्या याद्या, काडतुसांच्या खोक्यांवरची लेबले या सर्वांवर तित्तर, लावे, रानबदके आणि फेझंट झळकू लागले. ती काढणारे चित्रकार सामान्य नव्हते. अमेरिकेतील द्यू पाँ कंपनी १८०२ मध्ये बंदुकीची दारू करण्यासाठीच स्थापन झाली. या कंपनीने १९१७ मध्ये ‘अवर अमेरिकन गेम बर्ड्स’ नावाचा एक चित्रसंग्रह काढला. चित्रे लिन बोग हंट यांची होती आणि मजकूर मॅसॅच्युसेट्स राज्याचे पक्षीतज्ज्ञ एडवर्ड हाऊ फोर्बुश यांचा होता. पहिले महायुद्ध चालू होते, आणि हीच कंपनी मित्रराष्ट्रांना तोफाबंदुकांची दारू पुरवत होती. या संग्रहाच्या तीनच वर्षे आधी, १ सप्टेंबर १९१४ रोजी, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात ‘मार्था’ नावाची एक कबुतरी मेली आणि एकेकाळी आकाश झाकून टाकणारी पॅसेंजर पिजन ही जात पृथ्वीवरून कायमची संपली. तिला बंदुकीने आणि जाळ्याने, बाजारासाठी संपवण्यात आले होते. एक जात संपल्याची बातमी ताजी असताना दारूची कंपनी पक्ष्यांच्या सौंदर्याचा संग्रह छापते, या गोष्टीतला विरोध त्या काळच्या ग्राहकाला खुपला असेल असे वाटत नाही.

आज हीच चित्रे ‘व्हिंटेज’ म्हणून विकली जातात. मूळ पुस्तकांची पाने सुटी करून, चौकटीत बसवून, हॉटेलांच्या आणि दिवाणखान्यांच्या भिंतींवर लावली जातात. त्यांच्यावरचे कंपनीचे नाव पुसले गेले आहे किंवा तेच आता शोभेचे झाले आहे. जाहिरात कला झाली की तिला प्रश्न विचारण्याचे बंद होते. म्हणून ते आता विचारले पाहिजेत.

प्रथम चित्र पाहू. या प्रकारच्या चित्रांत काही गोष्टी इतक्या वेळा येतात की त्यांना संकेत म्हणावे लागते. नर पुढे असतो, त्याचा रंग भडक असतो. मादी मागे, गवताच्या रंगात मिसळलेली. पक्षी एक तर ऐटीत उभा असतो किंवा नुकताच उडालेला असतो. उडालेला असेल तर त्याचे अंतर बंदुकीच्या टप्प्यातले असते. गवत शरद ऋतूतले, पिवळसर, म्हणजे शिकारीच्या हंगामातले असते. रक्त नसते, जखम नसते, तुटलेला पंख नसतो. आणि जो माल विकायचा आहे, ती दारू, ते काडतूस, तेही बहुधा चित्रात नसते. मग ते कोठे असते? ते पाहणाऱ्याच्या हातात असते. चित्रकाराने पाहणाऱ्याला बरोबर त्या जागी उभे केले आहे जेथे शिकारी उभा राहतो, आणि क्षणही तोच निवडला आहे, चाप ओढण्यापूर्वीचा. जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये ‘वेज ऑफ सीइंग’मध्ये युरोपीय तैलचित्राचा मालकीशी असलेला संबंध दाखवून दिला. जमीनदार आपली जमीन, गुरे आणि भांडी चित्रात पाहतो तेव्हा तो आपली मालमत्ताच पाहत असतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. शिकारीच्या पक्ष्याचे चित्र याच्या एक पाऊल पुढे जाते. पक्षी अजून कोणाच्या मालकीचा नाही. पण तो तुमचा होणार आहे, फक्त आमचे काडतूस घ्या, असे ते सांगते.

ही चित्रे सुंदर आहेत हे मी नाकारत नाही. पिसाचे बारकावे, पायांचा रंग, चोचीची ठेवण यांत अपार कष्ट आहेत. परंतु सुंदर कोणासाठी, हा प्रश्न दलित समीक्षेने मराठीला विचारायला शिकवला आहे. आणि त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न असा, की हे सौंदर्य उभे करताना चित्रातून काय बाहेर काढावे लागले?

येथे आपल्या देशाकडे वळले पाहिजे. हिंदुस्थानात शिकारीच्या पक्ष्यांचे पहिले मोठे सचित्र पुस्तक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आणि सी. एच. टी. मार्शल यांनी १८७९ ते १८८१ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केले. ही कोणा कंपनीची जाहिरात नव्हती, परंतु वाचक तोच होता: बंदूक घेऊन हिंडणारा साहेब. दोनशेच्यावर पत्रलेखकांनी ह्यूम यांना माहिती पुरवली. चित्रे लंडनमध्ये शिळाछापाने तयार झाली. ज्यांनी ती काढली त्यांना पक्ष्यांच्या डोळ्यांचे आणि पायांचे रंग लेखी कळवावे लागले, कारण कातड्यात हे रंग टिकत नाहीत. इतके करूनही ह्यूम यांचे समाधान झाले नाही आणि अनेक चित्रांतल्या चुका त्यांनी पुस्तकातच नोंदवल्या. त्यांच्या या प्रामाणिकपणाचे कौतुक केले पाहिजे. पण त्यातून हेही दिसते, की माळावर जिवंत वावरणारा पक्षी आणि लंडनच्या टेबलावरचे कातडे यांत जे अंतर होते ते सूचनांनी भरून निघणारे नव्हते. ते अंतर भरून काढू शकणारा माणूस माळावरच होता. त्या माणसाच्या तोंडची नावे या पुस्तकांत प्रत्येक पक्ष्याच्या माथ्यावर छापली गेली. नावे सांगणारा मात्र बहुधा निनावीच राहिला.

हेच ह्यूम १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. त्याच वर्षी त्यांनी सुमारे ८२ हजार नमुन्यांचा आपला पक्षीसंग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यांनी शिकार सोडली, ते थिऑसफिस्ट आणि शाकाहारी झाले. एवढ्यावरून इतिहासाने त्यांना पक्ष्यांचा मित्र ठरवले, आणि त्यांच्या विद्वत्तेपुरते ते योग्यही आहे. परंतु त्यांची पुस्तके छापली जात होती त्याच सुमारास जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात जंगलखात्याने डोंगर-गायरानांवर बसवलेल्या बंदीने शेतकऱ्याची जनावरे कशी उपाशी मरतात याचा जोतीरावांनी पाढा वाचला आहे. एकाच दशकात एकाच जमिनीविषयी दोन पुस्तके झाली. एकात गवत आहे आणि त्यात पक्षी आहे. दुसऱ्यात गवत आहे आणि त्यात माणूस व त्याचे गुरू आहे. पहिल्या पुस्तकाची चित्रे आज लिलावात विकली जातात. दुसऱ्याला चित्रकारच मिळाला नाही.

ह्यूम यांच्यानंतर हे काम ई. सी. स्टुअर्ट बेकर यांनी पुढे नेले. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यांची शिकारीच्या पक्ष्यांवरची पुस्तके काढली. बेकर हे व्यवसायाने पोलीस अधिकारी होते; त्यांची बहुतेक नोकरी आसामात झाली आणि तेथे ते पोलीस खात्याच्या सर्वोच्च पदापर्यंत पोचले. पक्ष्यांचा अभ्यासक पोलीस असणे हा गुन्हा नव्हे. परंतु त्या काळच्या राज्यव्यवस्थेत दोन नोंदवह्या शेजारी शेजारी चालत होत्या हे ध्यानात घ्यावे लागते. एका नोंदवहीत शिकारीचे पक्षी होते, दुसरीत शिकार करणाऱ्या जमाती होत्या. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ ची त्याची देशभर लागू झालेली सुधारणा, रोजची हजेरी, गाव सोडायला परवाना, तारेच्या कुंपणातल्या वसाहती, हा सारा इतिहास आपल्याला परिचित आहे. त्यात आमच्या भागातले पारधीही सापडले. पक्षी ओळखणे हे साहेबाच्या बाबतीत शास्त्र ठरले आणि पारध्याच्या बाबतीत त्याच्या जन्मजात गुन्हेगारीचा पुरावा ठरला.

तिसरेही एक पुस्तक आहे. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेले होते. त्यात पारध्यांवर स्वतंत्र टिपण आहे: त्यांच्या पोटजाती, फाशांच्या रांगा मांडून जनावरे आणि पक्षी धरण्याची त्यांची रीत, त्यांच्या शपथा, त्यांची लग्ने. माहिती मोलाची आहे. पण ही मांडणी नीट पाहा. नाव, वस्ती, रंगरूप, खाणे, सवयी: पक्ष्यांच्या पुस्तकातले रकाने येथे माणसांना लावले आहेत. पक्ष्याचे वर्णन वाचून साहेबाला तो कोठे सापडेल हे कळावे, आणि जमातीचे वर्णन वाचून फौजदाराला ती कोठे सापडेल हे कळावे, अशी ही योजना झाली.

आता प्रत्यक्ष शिकारीकडे पाहू. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक परवान्याशिवाय बाळगता येईना, आणि परवाना कोणाला मिळतो हे सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षीच्या जंगल कायद्याने राखीव जंगलात नियमाविरुद्ध शिकार करणे, फासे आणि सापळे लावणे हा गुन्हा ठरवला. वऱ्हाडासाठी १८८६ चा वेगळा जंगल कायदा आला. म्हणजे एका कायद्याने बंदूक वरच्यांच्या हाती राहिली आणि दुसऱ्याने फासा खालच्यांच्या हातून काढून घेतला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या पाणथळीत व्हाईसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्याने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. हा आकडा लपवलेला नाही. तो तेथे दगडावर कोरून ठेवला आहे. मराठी मुलुखातला एखादा पारधी आपल्या केसांच्या फाशात दिवसभरात किती लावे धरत असेल? त्यातले किती विकून त्याला ज्वारी मिळत असेल? त्याच्या नावाचा दगड कोणी उभारला नाही. त्याचे नाव पोलीस ठाण्याच्या वहीत लिहिले गेले. त्याच भरतपूरला १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर गुरे चारण्यास बंदी आली आणि विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. बंदूक बंद झाली ती पक्ष्यांसाठी.

अशा मोठ्या शिकारीत आणखी एक माणूस असतो, आणि तोही चित्रात नसतो. तो म्हणजे हाकारा. जनावरे उठवायला, पाण्यात शिरून मेलेली बदके गोळा करायला, सामान वाहायला गावचे महार, मांग, कोळी, गोंड वेठीला धरले जात. साहेबाची स्वारी आली की गावकीच्या कामात हेही काम आले. कंपनीच्या जाहिरातीत शिकाऱ्याचा कुत्रा पुष्कळदा येतो, एक पाय उचलून, नाक पुढे करून उभा राहिलेला. त्या कुत्र्यांची नावाजलेली चित्रेही आहेत. हाकाऱ्याचे चित्र जाहिरातीत शोभत नाही, कारण मग पक्षी आपण एकट्याच्या कर्तबगारीने मारला हा ग्राहकाचा समज राहत नाही.

कोणी म्हणेल, हा सारा दोष इंग्रजांचा झाला. तसे म्हणून सुटका होत नाही. मारणाऱ्याचे कुळ पाहून शिकारीला पराक्रम किंवा पाप ठरवण्याची रीत या देशात जुनीच आहे. आदिकाव्य म्हणून ज्याचा गौरव होतो त्या रामायणाची जन्मकथा काय आहे? क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला एक मारणाऱ्या निषादाला दिलेला शाप हा पहिला श्लोक झाला. पक्ष्याविषयीची करुणा खरी असेल. पण ती ज्याच्यावर शाप होऊन कोसळली तो निषाद होता, पोटासाठी पक्षी मारणारा होता. त्याच परंपरेत राजे मृगयेला निघतात. दुष्यंत हरणामागे धावतच रंगमंचावर येतो. तपस्वी त्याला थांबवतात हे खरे, पण शाप देत नाहीत. तो थांबताच त्याला चक्रवर्ती पुत्राचा आशीर्वाद मिळतो. इंग्रजाने या देशात ‘गेम’ हा शब्द आणला तेव्हा त्याचा अर्थ समजायला येथल्या संस्थानिकांना, देशमुखांना, जहागीरदारांना वेळ लागला नाही. त्यांच्याकडे तो अर्थ तयार होता.

‘गेम बर्ड’ या शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही. ‘शिकारीचे पक्षी’ असे आपण म्हणतो. त्यात पक्ष्याचे काहीच नाही. त्याचा माणसाला काय उपयोग, एवढेच आहे. स्वतंत्र भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही मुळात ‘मोठी शिकार’ आणि ‘लहान शिकार’ असे परवान्यांचे प्रकार होते; १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपले. याउलट आमच्याकडची नावे पाहा: तणमोर, माळढोक, पाणलावा. तणात राहतो तो तणमोर, माळावरचा माळढोक, पाण्याकाठचा पाणलावा. नावातच त्याची जमीन आहे. ही नावे कोणी पंडिताने ठेवली नाहीत. ती तणात आणि पाण्यात उभे राहून ज्यांनी पक्षी पाहिला त्यांची आहेत. मराठी साहित्यात या ज्ञानाची कदर करणारे लेखक थोडे झाले. २०२५ मध्ये निधन पावलेले मारुती चितमपल्ली त्यांपैकी एक. नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारख्या पुस्तकी शिक्षण नसलेल्या जाणकाराला त्यांनी आपला गुरू मानले, आणि रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द मराठीत आणले. हा मोठेपणा आहे. पण असे मोठेपण लेखकाच्या स्वभावावर अवलंबून राहते, तोवर ते अपवादच असते.

तणमोराचे नाव घेतले ते सहज नव्हे. मी हे वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजा येथून लिहितो आहे, आणि हा प्रश्न येथे पुस्तकातला राहत नाही. वाशीम-अकोल्याचे माळ हे महाराष्ट्रात तणमोर अजून दिसणाऱ्या मोजक्या भागांपैकी आहेत. पावसाळ्यात गवत वाढले की काळ्या मानेचा, डोक्यामागे वळलेल्या लांब पिसांचा नर गवतावर वारंवार उसळी घेतो. मादीने पाहावे म्हणून तो हे करतो. बंदूकवाल्या शिकाऱ्यांना नेमके हेच सोयीचे झाले. विणीच्या दिवसांत नर स्वतःच आपली जागा दाखवतो, म्हणून त्याच दिवसांत तो सर्वांत जास्त मारला गेला. जाहिरातीच्या चित्रकारांना आवडणारी ऐट आणि शिकाऱ्याला हवा असलेला नेम या तणमोराच्या बाबतीत एकच गोष्ट झाल्या. पुढे बंदुकीहून मोठे संकट आले. माळ नांगरले गेले, सोयाबीनखाली गेले, उरलेल्यावर वनखात्याने झाडे लावली, कारण गवताला सरकारी दप्तरात पडीक म्हणतात. २०२१ मध्ये तणमोर ‘अतिसंकटग्रस्त’ पक्ष्यांच्या यादीत गेला.

आता खरा प्रश्न समोर येतो. जो माळ तणमोराचा, तोच गायरान म्हणून भूमिहीनांचा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले तेव्हा पडीक जमिनी कसणाऱ्याला द्या ही मागणी होती. आमच्या कितीतरी कुटुंबांची पहिली जमीन गायरानातली आहे. पारध्यांची पालेही तेथेच पडतात, कारण गावात त्यांना जागा नाही. मग शहरातला पक्षीप्रेमी विचारतो: गायरान पक्ष्याला ठेवायचे की तुम्हाला? आणि आमचा कार्यकर्ता चिडून म्हणतो: आम्हाला! पक्ष्याचे काय करायचे ते तुम्ही बघा. दोघांच्याही मनात एकच चित्र आहे, आणि ते शिकाऱ्याच्या जाहिरातीतले चित्र आहे: रिकामे गवत आणि त्यात एकटा पक्षी. माणूस आला की चित्र बिघडले. या चित्रातून माणूस आधी शिकारीच्या सोयीसाठी काढला गेला, पुढे संरक्षणाच्या नावाखाली बाहेर ठेवला गेला, आणि आता पर्यटनासाठी त्याला हटवतात. मारणारे गेले, राखणारे आले, पण चौकट बदलली नाही. जो प्रश्न या चौकटीतून निर्माण झाला आहे त्याचे उत्तर आपण तिच्या आत उभे राहून देता कामा नये.

चौकटीबाहेर काय घडू शकते याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. कारंजा भागात काम करणाऱ्या ‘संवेदना’ या संस्थेबरोबर फासेपारधी गवताचे पट्टे राखण्याच्या, तणमोराच्या नोंदी ठेवण्याच्या कामात उतरले. तणमोर कोठे उतरतो, कोणत्या गवतात घरटे करतो, कशाने बिथरतो हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. फासा मांडण्यासाठी जे जाणून घेतले तेच राखण्यासाठी कामी आले. आणि गवत राखले की ते कापताही येते, जनावराला चाराही मिळतो. माणूस आणि पक्षी यांपैकी एकाला हाकलल्याशिवाय दुसरा जगत नाही, हा सिद्धांत येथे खोटा पडतो.

पारध्याला देवत्व द्यायला मी निघालो नाही. त्याच्या फाशात पुष्कळ पक्षी मेले आहेत. बाजारात मागणी वाढली तेव्हा त्याने विकायसाठीही धरले. आदिवासी म्हणजे निसर्गाचा निरागस पुत्र, ही कल्पनासुद्धा वरच्या वर्गाच्या दिवाणखान्यातली आहे. तीही एक प्रकारची तसबीरच. तसेच शिकाऱ्यांनी पक्षी वाचवण्यासाठी काहीच केले नाही असेही नव्हे. अमेरिकेत १९३४ पासून रानबदकांच्या शिकारीसाठी तिकीट घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळी राखल्या जातात. लिन बोग हंट यांनीही १९३९ चे तिकीट रंगवले. या गोष्टी मान्य करूनही माझे म्हणणे शिल्लक राहते. प्रश्न कोण दयाळू आणि कोण क्रूर हा नाही. मारणे आणि राखणे या दोन्ही गोष्टींचा अधिकार, आणि त्या दोन्हींचे सौंदर्य, एकाच वर्गाच्या नावावर का चढले, हा आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सिद्धार्थ आणि देवदत्त यांची कथा घेतली आहे. देवदत्ताने बाणाने पाडलेला पक्षी सिद्धार्थाने वाचवला, आणि पक्षी कोणाचा हा वाद न्यायाला गेला. निवाडा वाचवणाऱ्याच्या बाजूने लागला. या कथेकडे आपण केवळ करुणेची कथा म्हणून पाहतो. ती मालकीचीही कथा आहे. बाण मारल्याने हक्क निर्माण होत नाही, असे ती सांगते. आणि ज्या संस्कृतीत बाण, बंदूक आणि जाहिरात यांनीच हक्क ठरले तिला तो निवाडा आजही अडचणीचा आहे.

मग करायचे काय? उपारा आणि उचल्या ठरवलेल्यांनी १९८० च्या दशकात मराठीत स्वतःची कहाणी स्वतः सांगितली आणि आत्मकथनाचा अर्थ बदलला. चित्रांच्या बाबतीत ते काम व्हायचे आहे. विद्यार्थी मित्रांनी आपल्या तालुक्यातल्या पारधी पालांवर जावे, ते पाहुणे म्हणून, नोंद करणारे फौजदार म्हणून नव्हे. पक्ष्यांची नावे, हाका, गवतांची नावे त्यांच्या भाषेत लिहून घ्यावीत, आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने प्रथम लिहावे. शिक्षकांनी वर्गात पक्ष्यांचा तक्ता लावला तर मुलांना विचारावे, की या चित्रात पक्ष्याखालची जमीन कोणाची आहे? पारध्याचे पोर वर्गात असेल, आणि अनेक शाळांत ते अजून शेवटच्या बाकावर असते, तर तक्त्यासमोर उभे राहून बोलण्याचा पहिला मान त्याचा आहे. कार्यकर्त्यांनी गायरानाची मागणी करताना गवताचीही मागणी करावी, म्हणजे ती मागणी फोडणे कोणाला सोपे जाणार नाही. आणि आपल्यात जे चित्रकार आहेत त्यांनी तणमोर जरूर काढावा, त्याच्या पिसांची वळणे आणि त्याची उसळी सारे काढावे. मात्र त्या गवतात विळा घेतलेली बाई असावी, गुरे असावीत, आणि पलीकडे उभा राहून त्याची उसळी मोजणारा पारधी असावा. त्या चित्राखाली कोणत्या कंपनीचे नाव येणार नाही, हे उघड आहे.